युकुलेलेवर मेजर पट्टीच्या सात कॉर्ड्स: प्रकल्प नोंदी

२ जून

कामाचं उद्दिष्ट आधी लिहून ठेवते. युकुलेले या छोट्या गिटारसारख्या वाद्यावर कुठलीही मेजर पट्टी सांगितली की तिच्या सात कॉर्ड्स (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) स्वरांवरून काढता आल्या पाहिजेत, आणि एका पट्टीत बसवलेली प्रोग्रेशन, म्हणजे कॉर्ड्सचा क्रम, दुसऱ्या पट्टीत कागद न बघता नेता आली पाहिजे. कॉर्डच्या आकृत्यांचे तक्ते पुष्कळ मिळतात. त्यांतून बोटं कुठे ठेवायची ते कळतं, पण सी नंतर एफ इतकी सहज का येते आणि बी फ्लॅट (बी पेक्षा अर्धा स्वर खालची) का उपरी वाटते, ते कळत नाही. मला ते कळून घ्यायचं आहे.

वाद्य कॉन्सर्ट आकाराचं, तारा नायलॉनच्या. ट्यूनिंग नेहमीचं: चौथी तार जी, तिसरी सी, दुसरी ई, पहिली ए. चौथी म्हणजे हनुवटीकडची, पहिली जमिनीकडची. या नोंदींत कॉर्ड चार आकड्यांत लिहीन, चौथ्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत. ०००३ म्हणजे पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी काडी, दर फ्रेटला अर्धा स्वर चढतो), बाकी तिन्ही तारा मोकळ्या. ही आहे सी मेजर. बॅरिटोन युकुलेलेचं ट्यूनिंग डी-जी-बी-ई असतं, तिथे हेच आकडे वेगळी कॉर्ड देतील.

चौथी तार सगळ्यांत खालच्या स्वराची नाही, हे गिटारवरून येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ऐकून घ्यावं. सगळ्यांत खालचा स्वर तिसऱ्या तारेचा: मधला सी, २६१.६ हर्ट्झ. चौथ्या तारेचा जी त्याच्या बराच वर, ३९२ हर्ट्झवर. चारही तारांचे स्वर जवळजवळ असल्यामुळे कॉर्डमधला कुठला स्वर तळाशी आहे याला फार महत्त्व उरत नाही. कॉर्डमध्ये कोणते स्वर आहेत एवढंच बघायचं. कॉर्ड समजून घ्यायला हे फार सोयीचं आहे.

५ जून

तिसऱ्या तारेवर एकटीवर बिलावलचे स्वर वाजवले: ०, २, ४, ५, ७, ९, ११, १२. मेजर पट्टी म्हणजे हेच सात शुद्ध स्वर. ग-म आणि नी-सां यांच्यात एका फ्रेटचं अंतर, बाकी सगळीकडे दोन. ही अंतरं बोटाला एकाच तारेवर जितकी स्पष्ट कळतात तितकी चार तारांवर कळत नाहीत, म्हणून सुरुवात इथूनच.

पाश्चात्त्य पद्धतीत पट्टीतल्या कॉर्ड्सना रोमन आकडे देतात. मी सरगम वापरणार आहे. आपला सा मुळातच सरकता असतो. पांढरी एकचा सा वेगळा आणि काळी चारचा वेगळा, हे गाणाऱ्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा ‘सा-कॉर्ड’ म्हणजे सा वर उभी राहिलेली कॉर्ड, ‘म-कॉर्ड’ म्हणजे म वर उभी राहिलेली.

कॉर्ड बांधायची रीत: एक स्वर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्याच्या पुढचा घ्यायचा, असे तीन. सी च्या पट्टीत हे असं बसतं:

सा ग प: सी मेजर
रे म ध: डी मायनर
ग प नी: ई मायनर
म ध सा: एफ मेजर
प नी रे: जी मेजर
ध सा ग: ए मायनर
नी रे म: बी डिमिनिश्ड

मेजर-मायनर कुठून आलं ते फ्रेट मोजून बघितलं. सा ते ग चार फ्रेट, ग ते प तीन: आधी चार मग तीन असलं की मेजर. रे ते म तीन, म ते ध चार: मायनर. नी ते रे तीन आणि रे ते म सुद्धा तीनच, म्हणून ती डिमिनिश्ड. सातही कॉर्ड्स मोजल्या की तीन मेजर, तीन मायनर आणि एक डिमिनिश्ड निघतात, आणि तीन मेजर म्हणजे सा, म आणि प च्याच. हे कुठल्याही मेजर पट्टीत असंच राहणार, कारण अंतरं तीच राहणार.

९ जून

तानपुऱ्यावर सी लावून त्यावर दुसरी तार, म्हणजे मोकळा ई, ऐकला. ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, तरी गंधार किंचित चढा लागतो. कानाचा दोष नाही. फ्रेट सगळे सारख्या अंतराच्या अर्धस्वरांवर बसवलेले असतात, त्यात सा ते ग ४०० सेंट होतात (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ वर असतो. चौदा सेंटचा फरक तयार कानाला सहज कळतो.

तार उतरवून गंधार गोड करता येतो, आणि सी मेजर खरोखरच सुंदर लागते. पण तोच ई पुढे ए मायनरमध्ये पंचमाच्या जागी येतो, आणि तिथे उतरलेला ऐकवत नाही. ज्या वाद्यावर एकच स्वर कधी गंधार, कधी पंचम, कधी षड्ज होणार, त्यावर तो मधोमधच ठेवावा लागतो. ट्यूनर म्हणतो तसंच लावायचं ठरवलं.

तार नेहमी खालून वर चढवत लावावी. वरून उतरवत आणली तर थोड्या वेळात आणखी उतरते. आणि बोट फ्रेटच्या धातूच्या अगदी मागे ठेवलं तर कमी दाबात तार स्वच्छ वाजते. तिसऱ्या तारेवर जोर जास्त पडला की स्वर लगेच चढतो.

१२ जून

आज या प्रकल्पातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सापडली, म्हणून सविस्तर.

ए मायनर २०००. मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, बाकी काही नाही. ते बोट तसंच ठेवून तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर टेकवली की २०१०, एफ मेजर. दोन्ही बोटं तशीच ठेवून अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर टेकवली की २२१०, डी मायनर. दर वेळी एक बोट वाढलं आणि कॉर्ड बदलली. हाताला हे सोपं पडतं हे सगळेच सांगतात. का सोपं पडतं ते स्वर लिहिल्यावर दिसलं:

ध सा ग
म ध सा
रे म ध

प्रत्येक पायरीला दोन स्वर तेच राहतात, एकच बदलतो. आधी ग चा म झाला, मग सा चा रे. बोटांची सोय ही स्वरांच्या नात्यातून आलेली आहे.

मग सातही कॉर्ड्स या नात्याने ओळीत लावल्या, एकाआड एक स्वर घेत: सा-कॉर्ड, ग-कॉर्ड, प-कॉर्ड, नी-कॉर्ड, रे-कॉर्ड, म-कॉर्ड, ध-कॉर्ड, आणि परत सा. सी च्या पट्टीत सी, ई मायनर, जी, बी डिमिनिश्ड, डी मायनर, एफ, ए मायनर, सी. कुठला स्वर बदलतो ते बघितलं: सा चा नी, ग चा रे, प चा म, नी चा ध, रे चा सा, म चा ग, ध चा प. दर वेळी एकच स्वर, आणि तो शेजारच्याच खालच्या स्वरावर उतरतो. सात पायऱ्यांत सातही स्वर एकेकदा उतरतात आणि आपण घरी पोचतो. किती नेटकं आहे हे! सात सुट्या आकृत्या म्हणून ज्या पाठ करायला देतात, ती सातजणांची एक साखळी आहे.

तारांवर ही साखळी अशी दिसते: ०००३, ०४३२, ०२३२, ४२१२, २२१०, २०१०, २०००, ०००३. ई मायनर ते जी बघा: तिसऱ्या तारेवरचं बोट चौथ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर, बाकी आकडे तेच. डी मायनर ते एफ: तिसऱ्या तारेवरचं बोट उचललं, संपलं. जिथे एकाहून जास्त तारा हलतात, तिथे कारण वाद्याचं आहे. सी वरून ई मायनरला जाताना पहिल्या तारेवरचा सा नी वर उतरतो, पण तिसरी तार मोकळीच सा ची आहे, तिला आणखी खाली जायला जागा नाही. म्हणून ती वर चढून चौथ्या फ्रेटवर ग घेते.

नी-कॉर्ड एकटी फारशी वाजवली जात नाही. तिच्यात प मिळवला की जी सेव्हन होते, म्हणजे प नी रे म अशी चार स्वरांची जी, ०२१२. आकडे शेजारी ठेवले की कळतं: ४२१२ आणि ०२१२, फरक फक्त चौथ्या तारेचा. यापुढे नी-कॉर्डच्या जागी जी सेव्हनच वाजवणार.

१४ जून

साखळीचा सराव मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ६० वर, एका कॉर्डला चार ठोके. उलट दिशेनेही: तेव्हा प्रत्येक पायरीला एक स्वर वर चढतो. ई मायनरला तीन बोटं तिरक्या उतरंडीत ठेवायला वेळ लागतो. अनामिका तिसऱ्या तारेवर आधी टेकवली की बाकीची दोन आपोआप जागा घेतात.

१९ जून

प्रोग्रेशनला सुरुवात. सी, एफ, जी, म्हणजे सा, म, प. या तिघींचे स्वर एकत्र केले तर सा ग प, म ध सा, प नी रे: सातही स्वर येऊन जातात. तीन कॉर्ड्सवर इतकी गाणी का वाजतात याचं उत्तर इथेच आहे. चालीतला कुठलाही शुद्ध स्वर घ्या, तो या तिघींपैकी एकीत तरी असतोच.

प कडून सा कडे परतताना जी पेक्षा जी सेव्हन जास्त ओढ लावते. ही ओढ हातातच दिसते. जी सेव्हन ०२१२ मध्ये दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट, तो म. पहिल्या तारेवर दुसरा फ्रेट, तो नी. या दोघांत सहा अर्धस्वरांचं अंतर आहे, सप्तकाचा बरोबर अर्धा भाग. एकत्र वाजले की कानाला थांबवत नाही. सी वर येताना दुसरी तार मोकळी होते, म चा ग. पहिल्या तारेवर बोट एक फ्रेट पुढे जातं, नी चा सा. दोन्ही स्वर आपापल्या घराच्या उंबऱ्यावर उभे असतात आणि एकाच वेळी आत जातात. दोन्ही तारा एकेकट्या छेडून हा बदल पुन्हा पुन्हा ऐकला, मग चारही तारांवर. आता जी सेव्हन वाजली की पुढची सी कानात आधीच ऐकू येते.

रे-कॉर्ड आधी जोडली की डी मायनर, जी सेव्हन, सी: रे, प, सा. हे वळण तालमीत जरूर ठेवावं. डी मायनरमधला म तसाच जी सेव्हनमध्ये येतो आणि मग सुटतो.

२३ जून

चार कॉर्ड्सचं चक्र: सी, जी, ए मायनर, एफ. सरगममध्ये सा, प, ध, म. याच चार कॉर्ड्स याच क्रमाने, फक्त सुरुवात ए मायनरपासून केली: ए मायनर, एफ, सी, जी. चक्र तेच, तरी मन:स्थिती पार बदलते. पहिल्या मात्रेला येणाऱ्या कॉर्डला कान घर मानायला लागतो, आणि घर मायनर असलं की सगळ्याच कॉर्ड्सचा रंग गडद होतो. ए मायनरला सी ची नातेवाईक पट्टी म्हणतात ती या अर्थाने: स्वर सगळे तेच, विश्रांतीची जागा वेगळी. धैवताला सा मानून बिलावलचे स्वर म्हटले की आसावरी थाट मिळतो. गाणाऱ्यांना ही मूर्च्छनेची गोष्ट ओळखीची आहे.

क्रम बदलून सी, ए मायनर, एफ, जी असंही वाजवलं. इथे सा, ध, म या तिघी साखळीत शेजारी आहेत, म्हणून पहिल्या तीन कॉर्ड्स एकीतून दुसरीत घरंगळत जातात आणि जी ला एकदम उडी बसते. सा, प, ध, म या चक्रात उडी सुरुवातीलाच असते. प्रोग्रेशन ऐकताना आता मी हेच बघते: पायरी कुठे आहे आणि उडी कुठे.

२७ जून

उजव्या हाताबद्दल थोडंच. स्ट्रमिंग एकच ठेवलं आहे: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. मनगट अखंड हलत राहतं, मधला एक ठोका तारांना न लागता जातो.

कॉर्ड बदलताना शेवटचा ‘वर’ मोकळ्या तारांवर मारला तर डाव्या हाताला अर्धी मात्रा मोकळी मिळते. सी च्या पट्टीत हे खपून जातं, कारण मोकळ्या तारा जी-सी-ई-ए म्हणजे प सा ग ध, सगळे पट्टीतलेच स्वर. खरं तर तीच एक कॉर्ड आहे, सी सिक्स. डी च्या पट्टीत मात्र मोकळी सी तार कोमल निषाद होते आणि खटकते. सवय लावून घ्यायची असेल तर हे लक्षात ठेवूनच.

३ जुलै

पट्टी बदलली: पांढरी चार, एफ. सी च्या पट्टीतला एकच स्वर बदलतो, बी चा बी फ्लॅट. तेव्हा कॉर्ड्सही फक्त त्याच बदलणार ज्यांत बी होता: ई मायनर, जी, बी डिमिनिश्ड. त्यांच्या जागी ई डिमिनिश्ड, जी मायनर आणि बी फ्लॅट मेजर. सी, डी मायनर, एफ, ए मायनर या चौघी जशाच्या तशा. नवी पट्टी म्हणजे सात नव्या कॉर्ड्स असं वाटत होतं त्यांच्यासाठी हा हिशेब मुद्दाम लिहिला आहे.

अडचण बी फ्लॅटची, ३२११. तर्जनी पहिल्या फ्रेटवर पहिल्या दोन्ही तारांवर आडवी, मधलं बोट तिसऱ्या तारेवर, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. आडव्या तर्जनीखाली दुसरी तार मुकी राहते. बोट सपाट न ठेवता किंचित अंगठ्याकडच्या कडेवर वळवलं, कोपर शरीराजवळ आणलं आणि अंगठा मानेच्या मागे मधोमध ठेवला, तेव्हा ती तार बोलू लागली.

साखळीने इथेही मदत केली. बी फ्लॅट ही म-कॉर्ड, तिच्या पुढची ध-कॉर्ड डी मायनर. ३२११ आणि २२१०: मधल्या दोन तारा तशाच, कडेच्या दोन एकेक फ्रेट खाली. म्हणून बी फ्लॅटचा सराव डी मायनरवरून केला. बोटं आधी ओळखीच्या जागी असतात, मग थोडीच सरकतात.

प च्या जागी सी सेव्हन, ०००१. एका बोटाची. एफ ची पट्टी युकुलेलेला फार शोभते, हे माझं मत.

८ जुलै

पांढरी पाच, जी. पुन्हा एकच स्वर: एफ चा एफ शार्प, म्हणजे अर्धा स्वर वर. एफ असलेल्या तिन्ही बदलल्या: डी मायनरची डी मेजर, एफ ची एफ शार्प डिमिनिश्ड, बी डिमिनिश्डची बी मायनर. बाकी चौघी त्याच.

बी मायनर ४२२२. ही कॉर्ड म्हणजे ए मायनरच दोन फ्रेट पुढे सरकवलेली: २०००, ३१११, ४२२२. मोकळ्या तारांची जागा आडवी तर्जनी घेते. तसंच ए मेजर २१०० एक फ्रेट सरकली की ३२११, आपली बी फ्लॅट. आणखी पुढे ५४३३ वर पुन्हा सी मेजर मिळते, ०००३ पेक्षा उजळ आवाजाची. आकृती सरकवता येते हे कळल्यावर तक्त्यांची गरज झपाट्याने कमी होते.

१५ जुलै

आज एक वळण हवाईचं. हे वाद्य तिथे घडलं. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे लोक होनोलुलूला उतरले, त्यांच्या लहानशा चार तारांच्या वाद्यावरून त्यांच्यातल्याच कारागिरांनी तिथे युकुलेले घडवलं, आणि राजा कालाकाउआने त्याला दरबारात मान दिला. तिथल्या गाण्यांत कडव्यांच्या मध्ये एक छोटं वळण सारखं येतं: डी सेव्हन, जी सेव्हन, सी.

डी सेव्हनमध्ये एफ शार्प आहे, म्हणजे तीव्र मध्यम, पट्टीबाहेरचा. तो का खटकत नाही ते दुसऱ्या तारेवर दिसतं. डी सेव्हन २२२३, जी सेव्हन ०२१२, सी ०००३. दुसऱ्या तारेचे आकडे २, १, ०: तीव्र म, शुद्ध म, ग. पाहुणा स्वर एकेक अर्धस्वर उतरत गंधारावर येऊन टेकतो. डी मायनर घेऊन हेच वळण वाजवलं तर मऊ लागतं, डी सेव्हनने त्याला चमक येते. दोन्ही हाताशी असावीत.

२२ जुलै

चालीला कॉर्ड लावण्याचं काम. स्वतःच बांधलेली चार मात्रांच्या चार खंडांची साधी चाल:

सा रे ग प | ध प म ग | रे म ध म | प नी सा –

रीत अशी: खंडातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेचे स्वर बघायचे, ते दोन्ही जिच्यात आहेत ती कॉर्ड घ्यायची. पहिला खंड सा, ग: सा-कॉर्ड. खरं तर ध-कॉर्डमध्येही हे दोन्ही आहेत, पण सुरुवातीला घर दाखवलेलं बरं. दुसरा खंड ध, म: इथे म-कॉर्डही चालते आणि रे-कॉर्डही. तिसरा रे, ध: रे-कॉर्डच. मग दुसऱ्या खंडाला म-कॉर्ड घेतली, म्हणजे तिसऱ्यात हालचाल कळते. दोन्हीकडे रे ठेवली तर चाल पुढे जाते आणि साथ जागीच थांबते. चौथा खंड अर्धा-अर्धा: प वर प-सेव्हन, सा वर सा.

सी मध्ये: सी, एफ, डी मायनर, जी सेव्हन-सी.
एफ मध्ये: एफ, बी फ्लॅट, जी मायनर, सी सेव्हन-एफ.
जी मध्ये: जी, सी, ए मायनर, डी सेव्हन-जी.

तिन्ही पट्ट्यांत न थांबता वाजलं. एफ मधलं बी फ्लॅट ते जी मायनर, ३२११ ते ०२३१, अजून संथ लयीतच नीट बसतं. मेट्रोनोम ६० च्या वर नेलेला नाही.

२५ जुलै

पुढची पट्टी डी. तक्ता उघडण्याआधी कागदावर काढली: जी च्या पट्टीतला एकच स्वर बदलेल, सी चा सी शार्प. म्हणून सी ची सी शार्प डिमिनिश्ड, ए मायनरची ए मेजर, एफ शार्प डिमिनिश्डची एफ शार्प मायनर. बाकी डी, ई मायनर, जी, बी मायनर तशाच. ग-कॉर्ड एफ शार्प मायनर आणि प-कॉर्ड ए मेजर साखळीत शेजारी येतात, म्हणजे हातालाही जवळ असणार. आकडे मांडून पाहिले: २१२० आणि २१००. दुसऱ्या तारेवरचं बोट उचलायचं, बस. उद्यापासून सराव या जोडीपासून सुरू.